डावी बाजू बंद आहे

[तुम्हाला आवाज ऐकू येण्यात अडचण येत आहे का? हो / नाही]

संगणकाने असं विचारलं आणि मी पटकन 'हो' दाबलं. आयुष्यात इतक्या मोकळ्या मनाने मी कधी काही कबूल केलं नव्हतं. यंत्रासमोर माणसाला लाज वाटत नाही. लाज पुढे वाटायची होती, तीही चर्चच्या तळघरात, सगळ्या गावादेखत, उकडलेल्या बटाट्यांच्या वासात.

पण तिथे पोचायला वेळ आहे. त्याआधी एक सूचना. या मजकुरात मध्येमध्ये रिकाम्या जागा आहेत. छापणाऱ्याला दोष देऊ नका. त्या जागांचं काय करायचं ते शेवटी बघू.

तर, दर रविवारी दुपारी मी आणि माझी मुलगी ब्रिटा मढी मारतो. ती दूर उत्तरेला, फेअरबँक्सला नर्स आहे, मी इथे मिनेसोटात, आणि मढी संगणकाच्या एका खेळातल्या पडक्या किल्ल्यात असतात. फोनवर आम्हा बापलेकीचं संभाषण ठरलेलं आहे. "कसं काय?" "बरं आहे." "थंडी?" "आहे." त्यापुढे दोघांनाही काही सुचत नाही, आमच्या घराण्यात पूर्वीपासून असंच आहे. पण किल्ल्यात मढी मागे लागली की पोरगी भडाभडा बोलते. तिचं ठरलेलं लग्न मोडलं हे मला तटबंदीवर कळलं. तिने नवं घर घेतलं हे तळघराच्या जिन्यात कळलं. हेडफोन कानाला, गुडघ्यांवर शाल आणि पडद्यावर कापाकापी, अशा थाटात मला माझी मुलगी भेटते. दुसरीकडे कुठे भेटत नाही.

आणि गेल्या महिन्यापासून मी किल्ल्यात सारखा मरत होतो.

आमचा चौघांचा गट. त्यातला टॉड नावाचा तिच्या हॉस्पिटलातला एक जण पुढारीपण करतो. त्याने नवी रचना काढली: ब्रिटा सगळ्यांच्या पुढे, मी मागे. तेव्हापासून मढी डावीकडून यायची, अजिबात पाय न वाजवता, आणि मला खायची. मी पडलो की गट पडायचा. सलग काही रविवार असे गेल्यावर ब्रिटा हळूच म्हणाली, "बाबा, तुला कंटाळा आला असेल तर एखाद्या रविवारी नाही आलास तरी चालेल हं."

आमच्याकडे वाढलेल्या माणसाला 'चालेल हं'चा अर्थ विचारावा लागत नाही. आमच्याकडे कोणी कोणाला 'जा' म्हणत नाही. 'चालेल हं' म्हणतात, आणि माणूस आपली टोपी शोधू लागतो.

"माझं साऊंड कार्ड बिघडलंय," मी म्हणालो. "डावीकडून आवाजच येत नाही. पुढच्या रविवारपर्यंत दुरुस्त करतो."

"आणि नाही झालं तर?" हा टॉड.

"नाही झालं तर गटात यायला टपलेल्या तुझ्या त्या मेहुण्याला घ्या माझ्या जागी," मी रुबाबात म्हणालो. रुबाबाला पैसे पडत नाहीत, म्हणून मी तो वेळी-अवेळी करतो.

[ध्वनीची साधने तपासत आहे. कृपया थांबा.]

थांबतो. तोवर माझ्या कानांविषयी दोन शब्द. मी इथल्या शाळेत बँडमास्तर होतो. तिसऱ्या रांगेतल्या क्लॅरिनेटचा सूर केसभर उतरला तरी माझी छडी हवेत थांबायची. "कोण?" एवढंच मी विचारायचो, आणि ज्याचा सूर उतरला असेल तो पोरगा आपोआप उभा राहायचा. गावात मला अजूनही लोक 'मास्तरांचा कान' म्हणून ओळखतात. (ढोल आणि झांजा माझ्या डाव्या हाताला बसायच्या. हे वाक्य इथे कशाला आलं मला माहीत नाही. खोडायचं राहिलं.)

[कोणतीही अडचण आढळली नाही. तुमचा प्रश्न सुटला का? हो / नाही]

नाही.

मग मी सेटिंगमध्ये शिरलो. तिथे डाव्या-उजव्या आवाजाच्या दोन पट्ट्या असतात. मी शास्त्रीय पद्धतीने डावी शेवटपर्यंत वर नेली आणि उजवी पार खाली आणली. आता काहीच ऐकू येईना. याचा अर्थ उघड होता: डावा भाग साफ मेलेला. मग मी पट्ट्या पूर्ववत करून हेडफोन उलटे घातले, म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर. आणि काय सांगू, त्या मेलेल्या वाटीतून मढ्यांच्या आरोळ्या खणखणीत येऊ लागल्या! आणि चांगली असलेली उजवी वाटी, डाव्या कानावर येताच, गप्प. मी थक्क झालो. म्हणजे हा बिघाड एका जागी बसणारा नव्हता. हा चालता-फिरता बिघाड होता. वाटीतून वाटीत जाणारा. असला प्रकार मी कधी वाचला नव्हता आणि आपल्या वाट्याला काहीतरी दुर्मीळ आलंय याचं थोडं बरंही वाटलं.

हे मी जेवताना मार्लिसला, म्हणजे माझ्या बायकोला, सविस्तर समजावून सांगितलं. ती स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीवर बसते.

डावीकडून: ..............................................

"हो हो, बघू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं एक बाई सांगत राहिली आणि मध्ये व्हायोलिनं वाजत राहिली. दुसरं व्हायोलिन सुरात नव्हतं, हे मी उजव्या कानाला फोन धरून ओळखलं. (फोन मी नेहमी उजव्याच कानाला धरतो. सवय.) अखेर एक मुलगी बोलू लागली. तिने माझं नाव, हेडफोनांचा क्रमांक आणि माझ्या आईचं माहेरचं आडनाव घेतलं.

"सर, कुठल्या कानात आवाज येत नाही?"

"डाव्या."

"आता हेडफोन उलटे घाला. आता कुठल्या?"

"डाव्याच."

तिने ते दोनदा टंकून घेतलं. मागे पन्नास माणसं बोलत असल्यासारखा गलबला ऐकू येत होता.

"सर, साऊंड कार्ड बदलून बघितलंत?"

"शेजाऱ्याचं लावून बघितलं. तरी डावाच."

"शेजाऱ्याचा संगणक?"

"त्यावरही डावाच. बिघाड पसरतोय."

"सर," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मला जे वाटतंय ते बोलायची आम्हाला परवानगी नाही. मी तुम्हाला वरिष्ठांकडे देते." वरिष्ठाने पुन्हा नाव, क्रमांक आणि माझ्या आईचं माहेर विचारलं, त्याच मुक्कामाला आला आणि म्हणाला की मूळ खोक्यात घालून पाठवलेत तर नवे हेडफोन देऊ. मूळ खोकं शेजारच्या ऑर्लिनने गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटात शेगडी पेटवायला नेलं होतं. तेवढ्यावर माझी तक्रार बंद झाली. 'ग्राहक समाधानी' असा शेरा मारून. तसं पत्र आलं.

ऑर्लिनला खोक्याबद्दल वाईट वाटत होतं, म्हणून तो सल्ला द्यायला आला. ऑर्लिन सल्ला उभ्याने देतो आणि तो मनासारखा घेतला जाईपर्यंत कोट काढत नाही.

"लेका, हा कार्डाचा दोष नाही. तुझ्या घरच्या विजेचा आहे. जुनी वायरिंग. वीज डाव्या तारेने येते ना, ती अर्ध्यात दमते."

"असं असतं?"

"माझ्या मेहुण्याची गाय अशीच एका बाजूने दूध देईना. गोठ्याची वायरिंग बदलली."

"मग दिलं?"

"गाय विकली. पण वायरिंग आता झकास आहे."

मी विचारात पडलो. गावात नवी वायरिंग एकाच ठिकाणी होती: चर्चच्या तळघरात. आणि रविवारी तिथेच वार्षिक लुटफिस्कचं जेवण होतं. लुटफिस्क म्हणजे राखेच्या क्षारात भिजवून जेलीसारखा थुलथुलीत केलेला मासा. तो आम्ही वर्षातून एकदा खातो आणि उरलेलं वर्ष 'छान झाला होता' म्हणत काढतो. माझ्याकडे कॉफीचं काम होतं. खेळाची वेळही तीच. दैवाने स्वतः वेळापत्रक आखल्यासारखं वाटलं.

गाडीत जाताना मार्लिस म्हणाली, "संगणक चर्चमध्ये नेऊ नकोस." गाडीतलं तिचं सगळं मला ऐकू येतं, आमची लग्नं, मयतं, कर्जं, सगळे निर्णय गाडीतच झालेत. इथल्या गाड्यांचं चाक डावीकडे असतं; गाडी मी चालवतो आणि ती माझ्या उजवीकडे बसते. पण ऐकू येणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मागच्या सीटवर संगणकाचा डबा पट्टा बांधून बसवला होता.

तळघराला लागून लहान मुलांच्या रविवारच्या शाळेची खोली आहे. तिथे, नोहाच्या होडीच्या चित्राखाली, चिमुकल्या टेबलावर मी संगणक मांडला, खेळ उघडून ठेवला आणि चिमुकल्या खुर्चीवर बसलो. गुडघे कानाशी आले. जेवणाला गर्दी इतकी की लोकांना चिठ्ठीवर नंबर देऊन याच खोलीत बसवलं होतं. सगळे माझे जुने विद्यार्थी, त्यांचे आईबाप, त्यांची पोरं.

हेडफोन लावले. तपासणीचा आवाज सुरू केला. त्यात एक बाई आधी 'उजवा' म्हणते, मग 'डावा'. 'उजवा,' म्हणाली. मग शांतता.

डावीकडून: ..............................................

"हो हो, आणतो कॉफी," मी अंदाजाने म्हणालो.

वायरिंग नवी, तरीही डावा बंद. आता माझ्यातला संशोधक जागा झाला. एकट्याच्या कानावर का विसंबा? इथे आख्खं गाव रिकामं बसलंय. मी डावी पट्टी जाईल तितकी वर नेली, उजवी बेताची ठेवली, आणि शेजारी बसलेल्या आर्डिसबाईंना हेडफोन दिले. आर्डिसबाई म्हणजे आमच्या चर्चच्या गायनमंडळातला सर्वात जुना आवाज.

"आर्डिसबाई, डावीकडून काहीच येत नाही ना? अगदी काहीच?"

त्यांनी हेडफोन लावले. मी बटण दाबलं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, हातातली पर्स खाली पडली.

"जरा..." त्या म्हणाल्या, "जरा बारीकच वाटतंय, नाही का?"

"बघा!" मी म्हणालो.

मग ऑर्लिनने लावले. त्याची मान उजवीकडे फेकली गेली. "बारीक," तो म्हणाला. "अगदी बारीक." मग पेट्रोलपंपवाला रॉजर. "येतंय म्हणजे... नाहीच म्हणायचं." मग माझी एकेकाळची पहिली क्लॅरिनेट, आता दोन पोरांची आई. तिने कानावर हात दाबून धरला आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे."

असे किती जणांनी लावले ते मी मोजलं नाही. लुटफिस्क छान झालाय म्हणणारी ही माणसं. ज्याला जे ऐकायचंय ते त्याच्या चेहऱ्यावर आधी वाचून तेच त्याला परत देणारी, मायाळू, खोटारडी माणसं. मी त्यांच्यातलाच. मी त्यांच्या मध्ये उभा राहून हात पसरून भाषण केलं. म्हणालो, ही कंपनी लोकांना फसवते. म्हणालो, माझ्या मुलीला वाटतं बाप म्हातारा झाला. म्हणालो, मला क्लॅरिनेटचा केसभर उतरलेला सूर कळतो, मला आवाज कळत नाही होय? खोलीतल्या एकूण एक माणसाने मान डोलावली. मार्लिस दारात कॉफीची किटली घेऊन उभी होती. तिने मान डोलावली नाही.

तेवढ्यात आमच्या चर्चच्या नव्या धर्मगुरू, पास्टर रेनाटा आल्या. त्या उन्हाळ्यात नेवार्कहून, तोंडावर बोलणाऱ्यांच्या शहरातून, आल्या होत्या. गेल्याच आठवड्यात, जेवणाच्या तयारीत, त्यांनी लुटफिस्कची वाटी चाखून "हे कोणी मुद्दाम केलं?" असं विचारलं होतं आणि स्वयंपाकघरातल्या बायका अजून सावरल्या नव्हत्या.

"काय चाललंय? मला बघू," म्हणत त्यांनी हेडफोन कानाला लावले. मी बटण दाबलं.

"अहो!" त्यांनी हेडफोन ओरबाडून काढले. "डावीकडे तर भोंगा आहे! 'डावा, डावा' म्हणून बोंबलतेय ती बाई! कानाचा पडदा फाटायचा माझा! मिस्टर लुंडीन, तुम्हाला हे ऐकू येत नाही?"

मला वाटतं, त्या क्षणी स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा थांबली. कोणी कोणाकडे बघेना. आर्डिसबाईंनी पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. ऑर्लिन नोहाच्या होडीतले प्राणी निरखू लागला. जिराफापाशी बराच रेंगाळला. मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत गेलो आणि मला सगळं एकदम कळलं, म्हणजे ते सगळ्यांना आधीपासून कळलेलं होतं हे कळलं. रॉजर माझ्याशी बोलताना नेहमी वळसा घालून उजवीकडे का येतो. गायनमंडळात मला डाव्या टोकाला का उभं करतात, जिथे माझ्या डावीकडे फक्त भिंत असते.

कान आधी गरम झाले. दोन्ही. तेवढं काम डाव्याला अजून जमत होतं. मग मान, मग टाळू. 'कोण?' असं विचारून मी पोरांना उभं करायचो; आज मी स्वतः आपण होऊन उभा होतो, सगळ्यांच्या मधोमध, पसरलेले हात अजून खाली न घेतलेला.

"बटाटे कोणाला हवेत?" कोणीतरी हॉलमधून ओरडलं. सगळ्यांनाच हवे होते.

तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून मी हेडफोन घातले. आणि उजव्या वाटीतून आवाज आला.

"बाबा?"

खेळाची वेळ होऊन गेली होती. माईक सगळा वेळ सुरू होता. आर्डिसबाईंपासून पास्टरपर्यंत सगळं फेअरबँक्सला पोचलं होतं.

"ऐकतोय," मी म्हणालो.

"कुठल्या कानाने?"

"उजव्या."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मला गाडी शिकवत होतास ना, तेव्हापासून. मी चालवत होते, म्हणजे तुझ्या डावीकडे. मी म्हणाले, 'बाबा, ब्रेक लागत नाहीये.' आणि तू म्हणालास, 'हो हो, छान.'"

आर्डिसबाईंची रस्त्याकडेची टपालपेटी त्या दिवशी आमच्या गाडीखाली गेली होती. मी इतकी वर्षं समजत होतो की पोरीने गडबड केली. तसं चारचौघांत सांगतही होतो.

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस गं?"

"तू बँडमास्तर होतास, बाबा."

मी उजवी वाटी कानावर घट्ट दाबली.

"म्हणून मी किल्ल्यात नेहमी तुझ्या डावीकडे चालायचे," ती म्हणाली. "तिकडून येणारी मी मारायचे. टॉडने मला पुढे धाडलं आणि तुझी ती बाजू उघडी पडली. त्याला कारण सांगायचं तर तुझं सांगावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, तूच दोन रविवार विश्रांती घेतलीस तर..."

म्हणजे 'चालेल हं' हे मला घालवायला नव्हतं. मला झाकायला होतं. यातलं जास्त लाजिरवाणं कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"टॉड आहे का तिथे?"

"आहे, सर." टॉड म्हणाला. "आम्ही फाटकापाशी उभे आहोत. मेहुणा पण आलाय."

खोलीत माणसं तशीच बसली होती. नंबर पुकारले जात होते आणि कोणी उठत नव्हतं. मी उठलो. चिमुकली खुर्ची माझ्याबरोबर उठली, ती काढली. माईक तोंडाशी धरला आणि, ज्या आवाजात मी कधीकाळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या ढोलांना ओरडायचो, त्या आवाजात म्हणालो, "टॉड, माझा डावा कान गेलाय. ब्रिटाला माझ्या डावीकडे दे."

"एवढंच ना?" टॉड म्हणाला. "आधी सांगायचं की, सर. मेहुण्या, तू पुढे हो."

खोलीत कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमच्याकडे तसलं काही करत नाहीत. फक्त आर्डिसबाई उठल्या, खुर्ची उचलली, माझ्या मागून वळसा घालून उजवीकडे आणून ठेवली आणि बसल्या. "कानात अजून घंटा वाजतायत रे माझ्या," त्या म्हणाल्या. "पण आवाज झकास आहे हो यंत्राचा."

त्या दुपारी आम्ही किल्ला जिंकला नाही. मेहुणा खंदकात पडला. पण मी शेवटपर्यंत जिवंत होतो. माझ्या डावीकडे अखंड शांतता होती, आणि त्या शांततेत माझी मुलगी तलवार चालवत होती.

[तुमचा प्रश्न सुटला का? हो / नाही]

हे यंत्र थांबत नाही. जरा धीर धर म्हणावं. कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यांच्या माणसानेही माझ्या आईचं माहेर विचारलं. आणि रिकाम्या जागांचं राहिलंय. घरी परतताना गाडीत, म्हणजे ती उजवीकडे असताना, मी मार्लिसला विचारलं की त्या वेळी तू काय म्हणाली होतीस.

"जेवताना? 'ॲक्सेल, त्या हेडफोनांना नाही, तुला दाखवायला हवं. मी येते बरोबर.' असं."

"आणि शाळेच्या खोलीत?"

"'माईक चालू आहे.'"

मी गाडी थोडी हळू केली.

"आणि एरवी?" मी विचारलं. "इतकी वर्षं जेवताना? मी 'हो हो' म्हणायचो तेव्हा?"

मार्लिस बाहेर बघत राहिली. बर्फ, शेतं, परत बर्फ. "एरवी काय," ती म्हणाली, "मनातलं बोलून घ्यायचे. तुझ्याबद्दलचं. बरं वाटायचं मला. आता ती सोय जाणार म्हण ना."

रात्रीचं जेवण म्हणजे चर्चमधून बांधून दिलेले बटाटे. ती आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली, स्वयंपाकघराजवळ. मी माझ्या. थोड्या वेळाने तिच्याकडे काहीतरी हालचाल झाल्यासारखं वाटलं.

डावीकडून: ..............................................

'हो हो' अगदी ओठांवर आलं होतं. ते मी बटाट्याबरोबर गिळलं, काटा खाली ठेवला आणि खुर्चीसकट पूर्ण वळलो.

"काय म्हणालीस?"

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"मीठ दे म्हटलं," मार्लिस म्हणाली.